जुन्या रीतीचे दोन बदाम

ग्लीम, अलेक्झांड्रिया
१८ नोव्हेंबर १९९३

शौकत,

'प्रिय' लिहिण्यासाठी पेन टेकवलं आणि उचललं. ज्या भावाने चार वर्षांत बहिणीला ईदेचा साधा फोन केला नाही, त्याच्यामागे कोणतं विशेषण लावतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून नुसतं शौकत.

हे समेटाचं पत्र नाही, आधीच सांगून ठेवते. तू आणि माझा नवरा फिक्री यांच्यात मी पडणार नाही. दोघेही सारखेच, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. मला फक्त एक माहिती हवी आहे आणि ती देऊ शकेल असं माणूस आता या शहरात उरलेलं नाही. होते ते वारले, नाहीतर तुझ्यासारखे मुलीकडे माँट्रियालला जाऊन बसले.

प्रश्न असा. तुम्ही दोघं कॉलेजात असताना, म्हणजे तू फिक्रीला पहिल्यांदा आपल्या घरी जेवायला आणलंस आणि त्याने मुलुखियाच्या भाजीचं सगळं पातेलं संपवलं त्या काळात, तुमचं ब्रिज कोणत्या रीतीचं होतं? एकाने 'एक बिनहुकूम' अशी बोली उघडली आणि समोरच्या भिडूने 'दोन बदाम' म्हटलं, तर त्याचा अर्थ काय असायचा? आत्ताचा अर्थ मला माहीत आहे. तेव्हाचा हवा आहे.

क्लबात एलेनीने पैज लावली आहे, म्हणून विचारते. तू ओळखतोसच तिला. सगळे ग्रीक अथेन्सला परत गेले, ही तेवढी आमच्या डोक्यावर मिरे वाटायला मागे राहिली.

फिक्री ठणठणीत आहे. तू विचारणार नाहीस, पण मी सांगते. भूक उत्तम आहे. परवा ट्राममधून आमच्या स्टेशनावर उतरायचं सोडून थेट व्हिक्टोरियापर्यंत गेला, कंडक्टरने परतीच्या गाडीत बसवून दिला. विचारलं तर म्हणाला, डोळा लागला. या वयात लागतो डोळा. तू गेल्यापासून गुरुवारी क्लबात त्याच्यासमोर मी बसते. मंगळवारच्या बायकांच्या टेबलावर शिकले ते पुरतं. तुझी खुर्ची डुगडुगते, कुणी दुरुस्त करत नाही.

दर नोव्हेंबरचं झाडूचं वादळ आलं आहे. यंदा त्याने खरोखरच सगळा समुद्रकिनारा झाडून काढला, कॉर्निशच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. उत्तर लवकर पाठव. लोभ असला तर कळव, नसला तर नुसतं उत्तर दे.

रतीबा


९ डिसेंबर १९९३

शौकत,

तुझं उत्तर मिळालं. एवढं मोठं पाकीट, त्यावर राणीच्या चित्राचं एवढं सुंदर तिकीट, आणि आत एकच ओळ: 'तुझ्या नवऱ्याला विचार, त्याला सगळं चांगलं आठवतं.' वकिली सोडलीस तरी खोचक बोलणं सुटलं नाही. असो. मीही त्याच आईच्या पोटची आहे.

पैज वगैरे काही नव्हती. खरं काय घडलं ते ऐक.

ऑक्टोबरातला एक गुरुवार होता. समोर एलेनी आणि तिची भिडू. फिक्रीने पत्ते लावले, चष्मा पुसला आणि 'एक बिनहुकूम' म्हणाला. माझ्या हातात लांबलचक इस्पिक, राजापासून खाली सहा पानं, बाकी कचरा. आता मला जे शिकवलं गेलं ते मी तुला म्हणून दाखवते, चुकलं तर सांग. बिनहुकूम उघडणाऱ्याचा हात भारी असतो, चारही रंगांत थोडं थोडं, एक्के-राजे-राण्या मिळून पंधरा ते सतरा गुण. त्याचा भारी हात झाकलेला राहिला पाहिजे, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून समोरच्या भिडूने आपला रंग स्वतः बोलायचा नाही, त्याच्या खालचा बोलायचा. इस्पिक असतील तर बदाम म्हणायचं. मग उघडणारा टेबलावर टिचकी मारतो, म्हणजे विरोधकांना कळतं की या बोलीचा अर्थ वेगळा आहे, आणि स्वतः इस्पिक म्हणतो. डाव तो खेळतो, आपण आपले फुटकळ पत्ते टेबलावर पसरून गप्प बसायचं. तुम्हीच दोघांनी ही रीत इथल्या क्लबात आणलीत आणि वीस वर्षं आम्हा सगळ्यांची डोकी खाल्लीत.

तर मी म्हटलं, दोन बदाम.

फिक्रीने टिचकी मारली नाही. इस्पिक म्हणाला नाही. माझ्याकडे बघून हसला, मान हलवली आणि म्हणाला, पास.

झालं. बदामाची दोन पानं हातात घेऊन बदामाच्या हुकमाने डाव मला खेळावा लागला. आणि त्याने आपला सोळा गुणांचा हात टेबलावर उताणा पसरला, रांगेने, नेटका, जसा तो पसरतो. सगळ्या जगाला दिसावा असा. चार हात कमी पडले. एलेनी इतकी हसली की तिची कवळी सरकली.

ट्राममध्ये मी त्याला फाडून खाल्लं. तो शांतपणे म्हणाला, "अगं, तू बदाम म्हणालीस. तुझ्याकडे बदाम नव्हते तर म्हणालीस कशाला?"

मला वाटलं, मुद्दाम करतो आहे. तुझ्यावरचा राग माझ्यावर काढतो आहे. तूही त्याच्याबद्दल तसंच समजलास ना? आठवड्याने पुन्हा तेच झालं. त्यानंतरच्या गुरुवारी मला तसा हातच आला नाही, म्हणून निभावलं.

तेव्हा ओळ न लिहिता नीट उत्तर लिही. जुन्या रीतीत दोन बदाम म्हणजे काय?

रतीबा


६ जानेवारी १९९४

शौकत,

उद्या कॉप्ट ख्रिश्चनांचा नाताळ आहे. खालच्या मजल्यावरच्या मादाम फ्लोरानी त्रेचाळीस दिवसांचा उपास सोडण्याआधीच मला पत्र लिहायला आपल्या घरातून हाकललं. म्हणाल्या, तुम्ही माझ्यासमोर बसून रडण्यापेक्षा ज्याला सांगायचं त्याला सांगा. तेव्हा सांगते. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही.

फिक्री विसरत चालला आहे. ट्राममध्ये डोळा लागला नव्हता, त्याला आपलं स्टेशन ओळखता आलं नाही. औषधाच्या दुकानातला मुलगा त्याला दोनदा घरी घेऊन आला आहे. पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, ज्याने निम्म्या शहराला पाणी दिलं, तो सकाळी नळासमोर उभा राहतो आणि माझी वाट बघतो. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, मला खुर्ची दिली आणि आवाज खाली आणला. डॉक्टरने आवाज खाली आणला की पुढचं ऐकायची गरज नसते. या दुखण्याला उतार नाही.

त्याला एकच गोष्ट कळते. गुरुवार. बुधवारपासून कोट काढून ठेवतो. दर गुरुवारी दारातून निघताना एक प्रश्न विचारतो, "शौकत परस्पर येणार आहे ना?" मी हो म्हणते. टेबलावर बसला की विसरतो, खुर्चीत मी आहे हे त्याला पुरतं.

आणि आता तो गुरुवारही जाऊ पाहतो. अदली बे घरी आले होते. क्लबाच्या स्पर्धा तेच चालवतात अजून, तसेच सुकलेले, तसेच सभ्य. कॉफी थंड होईपर्यंत हवेच्या गप्पा मारल्या. मग म्हणाले, सभासद कुरकुर करतात. बाजूच्या जोड्यांचे गुण फिक्री बेंच्या चुकीने वरखाली होतात, ते त्यांना अन्यायाचं वाटतं. रमजान संपेपर्यंत बघू, नंतर बेंनी खुर्ची मागे घेऊन नुसतं बघत बसावं. मी म्हटलं, चाळीस वर्षं तुम्ही सगळे त्याचा खेळ बघत बसलात, आता तो तुमचा बघेल, असंच ना? ते उठून गेले. चांगला माणूस आहे, माझंच तोंड वाईट.

पण शौकत, हे पत्र त्यासाठी नाही. माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे आणि ती तुझ्याशिवाय कुणालाच समजणार नाही.

परवा जेवणानंतर मी पत्ते काढले. त्याला हात वाटून विचारत गेले. माणसांची नावं चुकतात, पण गुणांची बेरीज एकदाही चुकली नाही. मग एक हात आला, पंधरा गुण, सगळ्या रंगांत सारखा. तुमच्या नव्या रीतीने त्याने बिनहुकूम उघडायला हवं. त्याने एक किलवर म्हटलं. मी म्हटलं, पंधरा आहेत की. तो म्हणाला, "बिनहुकुमाला सोळा लागतात. सोळा ते अठरा. शौकत पंधरावर उघडतो आणि मार खातो, तू त्याचं शिकू नकोस."

मी विचारलं, मी दोन इस्पिक म्हटलं तर? म्हणाला, मग इस्पिकच. तुझा हात दुबळा, रंग लांब, मी गप्प. दोन बदाम? बदामच, मी गप्प. मी एकेक विचारत गेले, तो एकेक सांगत गेला. एकदाही अडखळला नाही, एकदाही स्वतःला खोडलं नाही.

तो चुकत नाही आहे, शौकत. तो बरोबर खेळतो आहे, फक्त पन्नास वर्षांपूर्वीचं. तुमची नवी रीत वरून लावलेल्या रंगासारखी गळून पडली आणि खालची जुनी तेवढी शिल्लक आहे. ती त्याने फक्त तुझ्याबरोबर खेळलेली आहे. माझ्याबरोबर कधीच नाही.

ती सगळी मला लिहून पाठव. प्रत्येक उत्तराचा अर्थ. मी एकाहत्तर वर्षांची आहे, पण पाठांतर चांगलं आहे.

आता दुसरं. चार वर्षांपूर्वीचा तो अंतिम सामना. मी तुझ्या मागच्या रांगेत बसले होते. फिक्रीने बिनहुकूम उघडलं, तू दोन बदाम म्हणालास, तुझ्या हातात सहा इस्पिक आणि बदामाचं एकुलतं एक पान. तो पास म्हणाला. करंडक गेला. आणि तू उभा राहून भरल्या सभागृहात म्हणालास की याने हे मुद्दाम केलं, मी अथेन्सला जाणाऱ्या संघात त्याच्याऐवजी डॉक्टर वजीहला भिडू घेतलं म्हणून. तो काहीच बोलला नाही. त्याच्या न बोलण्याने आम्हाला सगळ्यांना ते खरं वाटलं. मलासुद्धा.

आता तूच सांग. जो माणूस आज दोन बदामांवर पास म्हणतो, तो तेव्हा कशाने म्हणाला असेल?

मी काही म्हणत नाही. तू विचार कर.

रतीबा


३ फेब्रुवारी १९९४

शौकत,

तुझी अकरा पानं आली. अक्षर अजून तसंच, कोर्टातल्या अर्जासारखं. तू 'प्रिय ताई' असं सुरू केलंस, ते मी दोनदा वाचलं. नंतर चष्म्याची काच पुसली.

आता अखेरच्या पानाकडे येते. तू म्हणतोस, विसरला असता तर हात उचललाच नसता. त्याने टिचकी मारायला हात उचलला होता, टेबलापर्यंत आणला आणि मागे घेतला. तू डोळ्यांनी पाहिलंस. म्हणजे त्याला नवी रीत आठवत होती, म्हणजे मुद्दाम केलं. मीही तो हात पाहिला होता. चार वर्षं मीही तेच समजत आले. वकील म्हणून तुझा मुद्दा बिनतोड आहे. बायको म्हणून मला तो आता पटत नाही, पण नुसत्या न पटण्याला कोर्टात कोण विचारतं.

त्याला विचारून बघ म्हणतोस. विचारलं. म्हणाला, कोणता सामना?

असो. बाकीची दहा पानं मी पाठ केली. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. आमची उम्म हाशिम कामाला येते, तिला वाटतं मी कसली तरी प्रार्थना म्हणते. 'दोन बिनहुकूम म्हणजे आठ-नऊ गुण, वर जायचं का ते तू ठरव. तीन बिनहुकूम म्हणजे दहा, आता बोलू नकोस.' काल ती माझ्यामागून आमीन म्हणाली.

एक गोष्ट मला तुझ्या पानांतून नव्याने कळली. बिनहुकूम उघडणारा आपला हात एका बोलीत सांगून टाकतो, मग पुढचं ठरवायचा हक्क त्याचा राहत नाही. कप्तान समोरचा. समोरच्याने थांब म्हटलं तर थांबायचं, हातात कितीही असलं तरी. इतकी वर्षं मला वाटायचं की टेबलावर फिक्री तुझं ऐकतो कारण तो मऊ आहे.

गेल्या गुरुवारी आम्ही जुन्या रीतीने बसलो. अदली बेंना आधी सांगून ठेवलं होतं. त्यांनी एक भुवई वर केली, म्हणाले, ही रीत मी वडिलांच्या टेबलावर पाहिली होती, आणि कार्डावर सही केली. फिक्रीने बिनहुकूम उघडलं. माझ्याकडे बदाम होते, खरेखुरे, पाच. मी म्हटलं, दोन बदाम. तो पास म्हणाला आणि त्याने पत्ते पसरले. मी डाव खेळले आणि तो जमला. आठ हात, नेमके. एलेनीचं तोंड बघायला हवं होतंस.

मग त्याने टेबलावरून हात पुढे केला, माझ्या मनगटावर थोपटलं आणि म्हणाला, "छान खेळलास, शौकत."

एलेनी पत्ते पिसायला लागली, पिसतच राहिली. मी म्हटलं, नशीब होतं. तू नेहमी असंच म्हणायचास ना, तुसड्यासारखं? तो खूश झाला.

तेव्हापासून बऱ्याचदा मी तूच असते. घरातसुद्धा. पत्ते हातात आले की मी शौकत, पत्ते ठेवले की कधी रतीबा, कधी कुणीच नाही. पहिल्या दिवशी आंघोळीच्या खोलीत जाऊन रडले. आता सवय होते आहे. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आणि अखेरीस नवरा मला आपल्या सर्वांत जवळच्या माणसाच्या नावाने हाक मारतो, असंही म्हणता येईल. म्हणून बघितलं, समाधान होत नाही.

तू येशील का, असं मी विचारत नाही. तुझ्या मुलीचं, सोहाचं बाळंतपण आहे, थंडी आहे, तुझे गुडघे आहेत. ही सगळी कारणं मला पाठ आहेत, तुझ्या दहा पानांसारखी.

तुझी ताई


१७ मार्च १९९४

शौकत,

ईद झाली. सोहाला मुलगा झाला, तुझी तार मिळाली. देव त्याला मोठं आयुष्य देवो. त्याला पत्ते शिकवू नकोस.

आधी वाईट बातमी देते. गुरुवार संपला. रमजानात इफ्तारनंतर टेबलं मांडत होते, पहिले दोन गुरुवार बरे गेले. तिसऱ्या गुरुवारी फिक्रीने बिनहुकूम उघडलं आणि कुणी काही बोलायच्या आधी आपले सगळे पत्ते टेबलावर उताणे पसरले. रांगेने, नेटके, नेहमीसारखे. सोळा गुण. चार एक्क्यांतले तीन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. समोरच्या दोघींनी माना वळवल्या, एलेनीनेसुद्धा. अदली बे आले, त्याच्या मागे उभे राहिले. त्यांनी एकेक पत्ता गोळा केला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "फिक्री बे, आज तुम्ही थकलात." फिक्री म्हणाला, हो, थकलो खरा. मी त्याचा कोट आणला. पायऱ्या उतरताना त्याने मागे वळून पाहिलं नाही, मी पाहिलं. तुझी खुर्ची कुणीतरी भिंतीला लावून ठेवत होतं.

आता घरातच असतो. गॅलरीत ऊन येतं तिथे त्याला बसवते.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ईदेची कहक बिस्किटं आणि चहा घेऊन गॅलरीत गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. उठायला लागला. म्हणाला, "शौकत! ये, ये. ईदेला तरी आलास."

हातात पत्ते नव्हते. तरी मी बसले.

त्याने आत डोकावून विचारलं, "रतीबा कुठे आहे?"

मी म्हटलं, बाजारात गेली आहे.

"बरं झालं. मला तुझ्याशी बोलायचं होतं. तिच्यासमोर नको."

यापुढचं मी शब्दाला शब्द लिहिते. हे बोलणं तुझं आहे, माझं नाही. मी फक्त तिथे बसले होते.

तो म्हणाला, "त्या सामन्यात तू दोन बदाम म्हणालास. आणि मला कळेना, हे जुनं की नवं. एकदम कळेनासं झालं रे, दिवा गेल्यासारखं. टिचकी मारायला हात उचलला. मग वाटलं, जुनं असलं तर लोक हसतील. तुला विचारणार कसं? आपल्या भिडूला विचारायचं नसतं. हात खाली घेतला आणि पास म्हटलं."

मी तुझ्या आवाजात विचारलं, मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?

त्याने समुद्राकडे तोंड वळवलं. मला वाटलं, गेला, विसरला. मग म्हणाला, "तू सगळ्यांसमोर मला लबाड म्हणालास. मला बरं वाटलं. लबाड माणसाला निदान सगळं आठवत असतं."

शौकत, मी त्याच्याशेजारी सेहेचाळीस वर्षं झोपले आणि हे मला माहीत नव्हतं. आपलं डोकं जातंय हे कुणाला कळू नये म्हणून या माणसाने लबाडीचा शिक्का घेतला, तुझ्यासारखा भिडू घालवला आणि चार वर्षं तोंडातून शब्द काढला नाही. मी त्याला ट्राममध्ये फाडून खात होते तेव्हासुद्धा नाही. मला तुमच्या दोघांचा भयंकर राग आला. त्याच्या हट्टाचा आणि तुझ्या बिनतोड मुद्द्याचा.

मग त्याने माझा हात धरला. "रतीबाला सांगू नकोस. ती वरून कडक आहे, आतून घाबरते. तिला वाटू दे, म्हातारा झालोय म्हणून होतं."

मी म्हटलं, नाही सांगणार.

"राग गेला का तुझा?"

आता इथे मी काय म्हणायला हवं होतं? भिडूच्या वतीने बोली लावता येत नाही, एवढं ब्रिज मलाही येतं. कप्तान तू. पण तू तिकडे बर्फात, आणि तो माझ्याकडे बघत होता, आणि उद्या हा प्रश्न त्याच्याजवळ उरेल की नाही कोण सांगणार. मी म्हटलं, कधीच गेला. मी तुझ्या वतीने हो म्हटलं आहे. खरं की खोटं ते तुझ्या मनाला विचार. त्याच्यापुरतं ते खरं झालं आहे.

तो मागे टेकून बसला. कहकचा तुकडा मोडून खाल्ला, पिठीसाखर कोटावर सांडली. म्हणाला, रतीबा आली की तिला बेताच्या साखरेची कॉफी करायला सांगतो, तुझ्यासाठी.

मी पेले उचलून आत गेले. चूल पेटवली, कॉफी केली. हात-तोंड धुतलं. कपाटातला हिरवा स्कार्फ बांधला, का ते माहीत नाही, बहुधा मला रतीबासारखं दिसायचं होतं. दोन कप घेऊन गॅलरीत आले.

त्याने मला ओळखलं. महिन्याभरात पहिल्यांदा. रतीबा म्हणाला. मग माझ्या हातातला दुसरा कप बघून हळहळला, खरोखर हळहळला.

म्हणाला, "अगं, आत्ताच शौकत येऊन गेला. इतक्या वर्षांनी आला होता. तू नेमकी बाजारात गेलीस."

तुझी ताई